फोनवरचा डॉक्टर आणि मधला माणूस

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गासाठी)

दिवाळी उलटली की कुंडल, पलूस, रामानंदनगर या पट्ट्यात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. मोकळ्या रानात, रस्त्याच्या कडेला कोप्या उभ्या राहतात आणि गाळप संपेपर्यंत तेच त्यांचे गाव होते. बहुतेक टोळ्या मराठवाड्यातल्या. पण पश्चिम महाराष्ट्राच्या या ऊसपट्ट्यात नंदुरबार-धुळ्याकडची भिल्ल आणि पावरा कुटुंबेही येतात. त्यांची बोली इथल्या दवाखान्यात कोणाला कळत नाही आणि इथली मराठी त्यांच्यातल्या बायकांना पुरती उमगत नाही.

अशा टोळीत कोणी आजारी पडले की पहिला दवाखाना आता मोबाईल असतो. कोणीतरी कोणाला तरी फोन लावतो, पलीकडून दोन-तीन गोळ्यांची नावे येतात, मुकादम मोटारसायकलवर जाऊन मेडिकलमधून त्या आणतो. पलीकडे बोलणारा डॉक्टर होता का, कुठला होता, तो आजारी बाईशी बोलला की फक्त मुकादमाशी, असे विचारले तर कोप्यावर कोणालाच सांगता येत नाही. हा फोन पुष्कळदा आपलाच कार्यकर्ता लावून देतो. तो चांगल्या हेतूनेच लावतो, हे मान्य. पण फोनवर औषध देण्याला देशात नियम आहेत आणि त्या नियमांत मधल्या माणसाचीही जागा ठरवून दिलेली आहे. ती जागा कोणती, हे या पाठात पाहायचे आहे.

आधी थोडा इतिहास, कारण त्यावरून नियमांचा रोख कळतो. बरीच वर्षे फोनवरच्या सल्ल्याबद्दल आपल्याकडे स्पष्ट नियमच नव्हता. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वैद्यकीय निष्काळजीपणाच्या खटल्यात डॉक्टरांना बजावले की प्रत्यक्ष तपासल्याशिवाय सहसा औषध लिहून देऊ नये आणि अगदी तातडीचा प्रसंग सोडला तर टेलिफोनवर औषध सांगण्याची सवय टाळावी. पुढे रत्नागिरीत एक बाळंतीण दगावली. रुग्णालयात डॉक्टर हजर नसताना फोनवरून तिला औषधे दिली गेली, असा आरोप होता. जुलै २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या प्रकरणातील डॉक्टरांचा अटकपूर्व जामीन नाकारला. दोष सिद्ध झाला असा त्याचा अर्थ नव्हता, जामिनाचाच तो टप्पा होता. तरी राज्यभरच्या डॉक्टरांत धास्ती पसरली आणि फोनवर सल्ला देणे बेकायदा आहे अशीच पुष्कळांची समजूत झाली.

ती समजूत २५ मार्च २०२० रोजी दूर झाली. देशभर टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. मे २०२० मध्ये ती राजपत्रात येऊन डॉक्टरांच्या २००२ सालच्या आचारसंहितेला पाचवे परिशिष्ट म्हणून जोडली गेली. नाव 'मार्गदर्शक तत्त्वे' असले तरी ती ऐच्छिक सूचना नाहीत, हे यावरून लक्षात घ्यावे. ती मोडणाऱ्या डॉक्टरवर व्यावसायिक गैरवर्तनाची कारवाई होऊ शकते. ऑगस्ट २०२३ मध्ये नवी आचारसंहिता आली होती, पण तीन आठवड्यांच्या आतच तिला स्थगिती मिळाली. म्हणून २००२ ची संहिता आणि तिचे हे परिशिष्ट धरूनच आपण चालायचे. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी त्यांच्या त्यांच्या परिषदांनी एप्रिल २०२० मध्ये वेगळी तत्त्वे काढली. त्यांचा विचार इथे केलेला नाही.

राज्याचा कायदा काय म्हणतो, असे अभ्यासवर्गात कोणीतरी विचारतेच. आपल्या घटनेत सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने हा राज्यांचा विषय आहे, तर वैद्यकीय व्यवसाय केंद्र आणि राज्य दोघांच्या समाईक सूचीत आहे. महाराष्ट्राने टेलिमेडिसिनसाठी वेगळा कायदा केलेला नाही. इथे केंद्राचीच तत्त्वे लागू होतात. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंदणी आणि त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी ही कामे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल १९६५ च्या राज्य कायद्यानुसार पाहते. अमेरिकेत साधारणपणे रुग्ण ज्या राज्यात असेल त्या राज्याचा परवाना डॉक्टरकडे लागतो. आपल्याकडे तसे नाही. कुठल्याही राज्याच्या परिषदेत नोंद असलेला डॉक्टर देशातल्या कुठल्याही भागातील रुग्णाला फोनवर सल्ला देऊ शकतो.

हे वाक्य कागदावर साधे दिसते, पण स्थलांतरित कुटुंबासाठी त्याचे मोल मोठे आहे. शहाद्याचा किंवा धडगावचा जो डॉक्टर त्या बाईला वर्षानुवर्षे ओळखतो, तिची बोली जाणतो, तो पाचशेहून अधिक किलोमीटरवरून कुंडलच्या कोपीतल्या तिला कायदेशीरपणे औषध लिहून देऊ शकतो. फक्त त्याला एक अट आहे, आणि ही अट आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावी असे मला वाटते.

तत्त्वांनी सल्ल्याचे दोन प्रकार केले आहेत, पहिली भेट आणि पाठपुरावा. डॉक्टरने रुग्णाला समोरासमोर तपासले असेल, त्याला सहा महिने झाले नसतील आणि आजार तोच असेल, तर फोनवरचा सल्ला पाठपुरावा ठरतो. लक्षणे नवी असतील किंवा डॉक्टरला आधीचे उपचारच आठवत नसतील तर ठरत नाही. पाठपुराव्यात डॉक्टरला मोकळीक जास्त मिळते. रक्तदाब, मधुमेह, दमा यांची चालू औषधे तो पुढे लिहून देऊ शकतो, गरज वाटल्यास त्याच आजारासाठी एखादे औषध वाढवूही शकतो. आता सहा महिने म्हणजे किती, हे हंगामाशी ताडून पाहा. टोळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात घर सोडते आणि मार्च-एप्रिलमध्ये परतते. म्हणजे निघण्याच्या आदल्या आठवड्यात ज्याने आपल्या नेहमीच्या डॉक्टरला प्रत्यक्ष दाखवले, त्याचा जवळजवळ सगळा हंगाम या मुदतीत बसतो. ज्याने दाखवले नाही, त्याला डिसेंबरात गोळ्या संपल्या की अनोळखी गावात अनोळखी डॉक्टरपासून सुरुवात करावी लागते, नाहीतर तो गोळ्याच बंद करतो. बहुतेकजण बंदच करतात.

म्हणून नंदुरबार-धुळ्याकडे काम करणाऱ्या आपल्या सोबत्यांना विनंती आहे. मुकादमाची उचल घेऊन टोळी ट्रकमध्ये चढण्याआधी जुनाट आजाराच्या माणसांना एकदा दवाखान्यात नेऊन आणा. डॉक्टरचा नंबर, नोंदणी क्रमांक आणि शेवटच्या चिठ्ठीचा फोटो त्यांच्याबरोबर द्या. सिकलसेलच्या रुग्णांबाबत तर हे टाळूच नका. भिल्ल आणि पावरा समाजांत हा आजार बराच आढळतो. त्याचे ओळखपत्र किंवा तपासणीचा कागद गावी घरात राहिला आणि इथे थंडीत अंग ठणकू लागले, तर नवा डॉक्टर साधी अंगदुखी समजण्याची भीती असते. ताप किंवा छातीत दुखणे असेल तर मात्र फोन न करता थेट रुग्णालय गाठायचे.

औषधांच्या याद्याही समजून घ्याव्यात. तत्त्वांमध्ये त्या तीन आहेत आणि चौथी मनाईची. पहिल्या यादीतली औषधे साध्या फोनवर किंवा संदेशावरही सांगता येतात. तापाची पॅरासिटामॉल, जुलाबासाठी ओआरएसच्या पुड्या आणि झिंक, लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, कॅल्शियम ही त्यांतली. दुसऱ्या यादीतली औषधे पहिल्याच भेटीत द्यायची तर डॉक्टरने व्हिडिओवर रुग्णाला पाहिले पाहिजे. गजकर्णाचे मलम, खरजेचे औषध, डोळे आल्यावरचे थेंब या यादीत येतात. कोपीवर खरूज एकाला झाली की आठ दिवसांत सगळ्यांना होते, त्यामुळे ही यादी आपल्या कामाची. तिसरी यादी फक्त पाठपुराव्यासाठी. आणि मनाईच्या यादीत नशा आणणारी, सवय लावणारी, अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येणारी औषधे आहेत. ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी २०१८ पासून त्या कायद्याखाली आहे. दिवसभर मोळ्या वाहून पाठ धरली की फडावर अशाच 'स्ट्राँग' गोळीची मागणी होते. फोनवर ती कोणी लिहून देत असेल तर तो नियम मोडतो आहे, एवढे आपल्याला ओळखता यावे.

आता मधल्या माणसाकडे वळू.

रुग्णाने स्वतः डॉक्टरला फोन केला तर त्याची संमती आहे असे नियम धरून चालतो. पण फोन दुसऱ्या कोणी, म्हणजे नर्सने, आरोग्यसेविकेने किंवा घरच्या माणसाने लावून दिला असेल, तर रुग्णाची संमती स्पष्टपणे घेतली पाहिजे आणि डॉक्टरने तिची नोंद ठेवली पाहिजे. त्यासाठी लेखी कागदच हवा असे नाही. संदेश चालतो, आवाजाची किंवा व्हिडिओची नोंद चालते. 'फोनवर डॉक्टरांचा सल्ला घ्यायला माझी हरकत नाही' असे रुग्णाने डॉक्टरला स्वतः सांगितले तरी पुरते. पावरी बोलणारी बाई हे पावरीतच सांगणार. तिला कळेल असे विचारायचे, ती काय म्हणाली ते डॉक्टरला मराठीत सांगायचे, आणि तिचे मूळ शब्द नोंदीत राहू द्यायचे. तिने मान हलवली म्हणजे संमती मिळाली असे धरू नये. मुकादम शेजारी उभा असताना हलवलेली मान तर मुळीच धरू नये.

मुकादमाबद्दल हे कडू लिहितो आहे, पण त्याला कारण आहे. त्याने उचल दिलेली असते, एक कोयता बंद पडला की त्याचा हिशेब चुकतो. त्यामुळे डॉक्टरशी तो बोलतो तेव्हा 'हिला काय झालंय' यापेक्षा 'उद्या फडात जाईल ना' हा प्रश्न आधी येतो. सगळेच मुकादम असे नसतात. रात्री-अपरात्री स्वतःच्या गाडीतून बाळंतिणीला सांगलीला पोचवणारे मुकादमही मी पाहिले आहेत. पण बाईच्या शरीराबद्दलचा निर्णय दुसऱ्याच्या हिशेबाने झाला की काय होते, हे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने पाहिले.

नियम इथे रुग्णाच्या बाजूने आहे. रुग्णाच्या वतीने बोलणाऱ्याला तत्त्वांत 'काळजीवाहक' म्हटले आहे. तो घरचा असावा किंवा रुग्णाने स्वतः अधिकार दिलेला असावा. रुग्ण शेजारी हजर असेल तर त्याने बोलायला हरकत नाही. रुग्ण हजर नसताना त्याच्याबद्दल परस्पर सल्ला घ्यायचा तर रुग्ण अज्ञान किंवा बोलण्याच्या अवस्थेत नसलेला असावा, नाहीतर त्याने दिलेले अधिकारपत्र किंवा नात्याचा पडताळलेला पुरावा हवा, किंवा आधीच्या प्रत्यक्ष भेटीत रुग्णानेच त्या माणसाची ओळख डॉक्टरला करून दिलेली असावी. बाई कोपीत पडून आहे आणि मुकादम कारखान्याच्या गेटवरून तिच्यासाठी औषध विचारतो आहे, हे यातल्या कशातच बसत नाही.

आणि आपण कशात बसतो? नर्स, एएनएम, उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी आणि योग्य अधिकाऱ्याने नेमलेला अन्य आरोग्यसेवक हे तत्त्वांनुसार 'आरोग्यसेवक' आहेत. ते रुग्णाला तपासून डॉक्टरला माहिती देऊ शकतात. आपल्या संस्थेचा कार्यकर्ता, तशी नेमणूक नसेल तर, आरोग्यसेवक नव्हे. गळ्यात ओळखपत्र असले तरी नव्हे. रुग्णाने सांगितले तर तो फार तर काळजीवाहक. म्हणून त्याने फोन लावून द्यावा, बोलीचे मराठी करून सांगावे, चिठ्ठी वाचून दाखवावी. 'मला वाटतं टायफॉइड असेल' असे डॉक्टरला सांगू नये. रुग्णाने सांगितलेले जसेच्या तसे पोचवणे हे काम वाटते त्याहून अवघड आहे.

लहान मुलांचा नियम वेगळा. मूल अज्ञान असेल तर ओळख पटलेला प्रौढ माणूस बरोबर असल्याशिवाय डॉक्टरने फोनवर सल्ला द्यायचा नाही. कोप्यावर दिवसा प्रौढ नसतात. आईबाप पहाटेच फडात जातात आणि दहा वर्षांची थोरली बहीण तान्ह्याला सांभाळते. तिच्या हातात फोन देऊन 'डॉक्टरांना सांग' म्हणणे नियमात बसत नाही आणि माणुसकीतही बसत नाही.

डॉक्टरकडून आपण काय मागायचे, तेही थोडक्यात. समोरासमोर तपासताना जी जबाबदारी असते तीच फोनवरही आहे, असे तत्त्वे म्हणतात. ओळखीखातर सांगितले, फुकट सांगितले, म्हणून ती कमी होत नाही. डॉक्टरने आपले नाव सांगावे. नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर, पावतीवर आणि व्हॉट्सॲपवरच्या संदेशातही असायला हवा. औषध लिहिले तर सहीची चिठ्ठी फोटो काढून का होईना रुग्णाला मिळाली पाहिजे. नुसते तोंडी नाव सांगून भागत नाही, कारण 'लाल पट्टीची गोळी' मेडिकलपर्यंत पोचेतो तिची दुसरीच गोळी झालेली असते. चिठ्ठी थेट एखाद्या मेडिकलला पाठवायची तर रुग्णाची परवानगी लागते, आणि कुठल्या मेडिकलमधून घ्यायचे हे रुग्णाने ठरवायचे. रुग्ण प्रत्यक्ष यायला तयार असताना डॉक्टरने फोनचाच आग्रह धरणे हे गैरवर्तन आहे. मधेच सल्ला थांबवून 'मी दवाखान्यातच येते' म्हणण्याचा हक्क रुग्णाला आहे. डॉक्टरची नोंद खरी आहे का, हे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर पाहता येते आणि ॲलोपॅथीच्या डॉक्टरविरुद्ध तक्रारही तिथेच करता येते.

हल्ली मोबाईलमधल्या यंत्रालाच आजार सांगून औषध विचारण्याची पद्धत पडू लागली आहे. तत्त्वांनी २०२० मध्येच लिहून ठेवले आहे की असे यंत्र डॉक्टरला मदत करू शकते, पण रुग्णाला सल्ला देणे किंवा औषध लिहिणे त्याला करू देता येणार नाही.

फोटोंबद्दल दोन शब्द जास्त लिहितो. त्वचेचा आजार, जखम, बाळंतिणीचे टाके यांचे फोटो डॉक्टरला पाठवावे लागतात. ते आपल्या मोबाईलमध्ये राहतात आणि आपला मोबाईल घरात मुले खेळायला घेतात. रुग्णाचे फोटो आणि माहिती यांचा गैरवापर करणाऱ्या डॉक्टरवर कारवाईची तरतूद तत्त्वांत आहे. आपल्यासाठी अशी वेगळी ओळ त्यांत नाही, पण डिजिटल स्वरूपातल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी देशात २०२३ चा कायदा झालेला आहे. काम झाले की फोटो पुसावा. कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर टाकू नये, देणगीदारांना पाठवायच्या अहवालात घालू नये. या वार्तापत्रातसुद्धा नको. चेहरा झाकला तरी टोळीतल्या माणसांना हात आणि गोंदण ओळखू येते.

ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांनी काय करावे? सरकारची ई-संजीवनी सेवा याचसाठी आहे. तिचे दोन मार्ग आहेत. एकात रुग्ण घरून स्वतः डॉक्टरशी बोलतो. दुसऱ्यात उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून, रक्तदाब वगैरे पाहून, मोठ्या केंद्रातल्या डॉक्टरशी जोडून देतात. कोप्यावरच्या माणसांसाठी मला दुसरा मार्ग केव्हाही बरा वाटतो. तिथे कोणीतरी शिकलेला माणूस रुग्णाला हात लावून पाहतो, चिठ्ठी छापील मिळते, पैसे पडत नाहीत, आणि मधला माणूस जबाबदार सरकारी कर्मचारी असतो. मनाच्या आजारासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे.

जिथे फोन करून उपचार विचारायचेच नाहीत असे प्रसंगही पक्के ठाऊक असावेत. उसाच्या पाचटात घोणस किंवा मण्यार चावली, गरोदर बाईला रक्तस्राव झाला, झटका आला, श्वास लागला, बाळ दूध प्यायचे थांबले, तर १०८ ला फोन करा आणि निघा. तातडीच्या प्रसंगी डॉक्टरने फोनवर प्रथमोपचार सांगावेत आणि रुग्णाला लवकरात लवकर प्रत्यक्ष उपचाराला पाठवावे, एवढीच तत्त्वांची अपेक्षा आहे. कुंडलहून सांगलीचे सिव्हिल आणि मिरजेचे शासकीय रुग्णालय गाठण्यासारखे आहे. मिरजेत तर १८९४ मध्येच वानलेस यांचे मिशन रुग्णालय उभे राहिले. त्या काळी रुग्ण बैलगाडीने मिरजेला यायचे. आज रस्ता आहे, गाडी आहे, आणि तरी साप चावलेल्या माणसाचा अर्धा तास 'डॉक्टरांना फोटो पाठवलाय, उत्तर येऊ द्या' यात जातो.

पुढच्या गटबैठकीत एक सराव करावा. तिघांनी बसायचे, एक रुग्ण, एक डॉक्टर आणि एक फोन लावून देणारा. रुग्णाने फक्त पावरीत किंवा भिल्लीत बोलायचे. बोली येत नसेल तर मराठीतच, पण मोजक्या शब्दांत आणि लाजत. पाच मिनिटांनी थांबून पाहायचे की संमती कोणी कोणत्या शब्दांत दिली, डॉक्टरचा नोंदणी क्रमांक कोणी विचारला, आणि मधल्या माणसाने रुग्णाचे कोणते शब्द बदलले. मग जागा बदलून पुन्हा करायचे. तिसऱ्या वेळी चौथा माणूस मुकादम म्हणून शेजारी उभा करायचा.